गेर्निका: युद्धविरोधी चित्र की सरकारी ऑर्डर?

नुसतीवाचक:
गेल्या महिन्यात माद्रिदला रेना सोफिया म्युझियममध्ये पिकासोचं गेर्निका बघितलं. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब, सगळं काळं-पांढरं-करडं. भारीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जो तो त्याला जगातलं सगळ्यात मोठं युद्धविरोधी चित्र म्हणतो ते काही मला पचत नाही. स्पेनमध्ये यादवी चालू असताना एका बाजूच्या, म्हणजे रिपब्लिकन सरकारने पॅरिसच्या प्रदर्शनातल्या आपल्या दालनासाठी जानेवारी १९३७ मध्ये पिकासोला चित्राची ऑर्डर दिली, तेव्हा स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडलेसुद्धा नव्हते. हा प्रचार नाही तर काय? आणि त्यात ना विमान, ना बॉम्ब टाकणारा.

चहाबाज:
अहो प्रचार म्हणता आणि शत्रू दिसत नाही असंही म्हणता, एक काहीतरी ठरवा की!
ऑर्डर होती, मान्य, पण कित्येक महिने गडी त्यावर बसून होता. २६ एप्रिलला सोमवारी, बाजाराच्या दिवशी जर्मन कॉन्डर लीजन (हिटलरने फ्रँकोच्या मदतीला धाडलेली हवाई तुकडी) आणि इटालियन विमानांनी गाव भाजून काढलं, पेपरात बातम्या आल्या आणि १ मेला पहिली स्केचेस, जूनच्या सुरुवातीला चित्र तयार. फ्रँकोची (सरकारविरुद्ध लढणारा जनरल, पुढे स्पेनचा हुकूमशहा) माणसं तेव्हा सांगत होती की गाव लाल लोकांनी, म्हणजे रिपब्लिकनांनी, स्वतःच जाळलं, अशा वेळी चित्राला गावाचं नाव देणं हीच साक्ष झाली ना. त्यातल्या घोड्याचं अंग बघा, बारीक बारीक रेघा आहेत, लांबून छापील पेपरच वाटतो.

तिरकस:
साक्ष वगैरे ठीक आहे हो. पण १९३९ च्या जानेवारीत हे चित्र लंडनला व्हाइटचॅपल गॅलरीत लागलं तेव्हा लोकांनी काय आणून दिलं माहितीय? बूट. स्पेनच्या आघाडीवर लढणाऱ्यांसाठी. चित्राखाली बुटांच्या रांगा. युद्धविरोधी चित्र आणि त्याच्या पायाशी सैनिकांचे बूट, आता बोला 😄

सातारकर:
मग ज्यांच्यावर बॉम्ब पडतात त्यांनी अनवाणी राहायचं का? युद्धाला विरोध म्हणजे मार खाऊन गप्प बसणं असं कुठे लिहिलंय. विमान न काढल्यामुळेच तर ते चित्र आजही कुठल्याही गावाचं होतं. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकबद्दल बोलायला युनोत आले तेव्हा सुरक्षा परिषदेबाहेरच्या गेर्निकावर (ते विणलेलं, मूळ नव्हे) निळा पडदा टाकला होता, कारण काय तर म्हणे कॅमेऱ्याला बॅकग्राउंड बरा दिसत नाही.

तिरकस:
पडदा टाकला आणि सहा आठवड्यांत इराकवर हल्ला झालाच की. काय उपटलं चित्राने? नाव न घेता केलेल्या निषेधाचं हेच होतं, पडदा ओढला की संपलं. चित्रातला बैल कोण हेसुद्धा धड कळत नाही, १९४५ मध्ये पिकासो म्हणतो बैल म्हणजे क्रूरता आणि अंधार, एरवी म्हणतो बैल हा बैल आहे.

चहाबाज:
काय उपटलं म्हणजे? चित्राने विमानं पाडायची होती का? फ्रँको असेपर्यंत ते स्पेनला गेलं नाही, प्रजेला स्वातंत्र्य मिळेपर्यंत पाठवायचं नाही ही पिकासोची अट होती. तो गेला १९७३ ला, फ्रँको १९७५ ला आणि चित्र न्यूयॉर्कहून माद्रिदला पोचलं १९८१ मध्ये. इतकी वर्षं एका हुकूमशहाला नुसतं ‘नाही’ म्हणत राहिलं ते. सरकारी ऑर्डरीचं पोस्टर असं वागत नाही हो.

नुसतीवाचक:
बुटांचं खरंच माहीत नव्हतं. तरी माझं अर्धं मत कायम आहे, ऑर्डर ती ऑर्डरच. पण खाली पडलेल्या माणसाच्या मुठीत तुटकी तलवार आणि तिच्याजवळ एक फूल आहे असं आत्ता फोटोत दिसलं. तिथे माझ्यापुढे एक उंच बाबा उभा होता, त्याच्या बॅगेमागे नेमका तोच कोपरा गेला.