रोल केजवर कॅमेरा: कोणता घ्यावा, कुठे बसवावा आणि थरथर कशी थांबवावी?

वळणशोधक (प्रश्न)

नमस्कार. ट्रॅकवर गाडी चालवण्याचा माझा हा दुसरा हंगाम. गाडी छत असलेली साधी हॅचबॅक आहे आणि आत पूर्ण रोल केज (गाडी उलटली तरी चालक सुरक्षित राहावा म्हणून बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा) बसवलेला आहे. वळणात आपण नेमके काय करतो हे नंतर शांतपणे पाहता यावे, एवढ्याच हेतूने मी एक जुना ॲक्शन कॅमेरा सक्शन कपच्या साहाय्याने समोरच्या काचेला आतून चिकटवला होता. चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) चढले की सगळे चित्र जेलीसारखे लडबडते, डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो पण काचेपलीकडचा रस्ता पांढराफटक होतो, आणि आवाजाच्या नावाखाली नुसती घरघर ऐकू येते. त्यातच तिसऱ्या सेशनमध्ये कॅमेरा मध्येच बंद पडला.

पुढच्या महिन्यात माझी पहिली शर्यत आहे. तांत्रिक तपासणीत सक्शन कप चालणार नाही, असे आयोजकांनी आधीच कळवले आहे. तेव्हा नवा कॅमेरा घेणे खरोखर गरजेचे आहे का, आणि तो कुठे व कसा बसवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नळीवाला

कॅमेऱ्याची खरेदी थोडी बाजूला ठेवा. तुमच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी बसवण्याच्या पद्धतीतून आलेल्या आहेत. समोरची काच हा मोठा, पातळ आणि सतत थरथरणारा पृष्ठभाग आहे. त्यावर सक्शन कप, त्यावर लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला कॅमेरा अशी रचना केली, तर काचेचे बारीकसे कंपनही टोकाशी कितीतरी मोठे होऊन पोहोचते. शिवाय उन्हात तापलेल्या काचेवर सक्शन केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

तपासनीस एवढे कडक का असतात, याचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा १५० ग्रॅमचा धरला, तरी क्लॅम्प आणि कॅमेऱ्याभोवतीचा धातूचा पिंजरा मिळून वजन सहज ४०० ग्रॅमवर जाते. जोरदार धडकेत क्षणभर ४० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट) इतके मंदन आले, म्हणजे वेग तितक्या झटक्याने कमी झाला, तर हाच ऐवज १६ किलो वजनाएवढ्या ताकदीने पुढे ओढला जातो. तो तुमच्या हेल्मेटच्या मागे बसवलेला असेल, तर ही ओढ कोणत्या दिशेला असेल हे सांगायला नको.

म्हणून कॅमेरा केजच्या नळीवरच हवा, आणि क्लॅम्प नळीच्या व्यासाला तंतोतंत बसणारा, दोन अर्ध्या कड्यांचा, धातूचा हवा. एफआयए या मोटरशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार बांधलेल्या केजमध्ये मुख्य हूपची (चालकाच्या मागच्या मोठ्या कमानीची) नळी साधारणतः ४५ किंवा ५० मिलिमीटरची आणि इतर नळ्या ३८ किंवा ४० मिलिमीटरच्या असतात, परंतु अंदाजावर विसंबू नका. रंगाच्या थरासकट व्हर्नियर कॅलिपरने मोजा. क्लॅम्प आणि कॅमेरा यांच्यामधली दांडी जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. एक सांधा पुरत असेल तर तीन लावू नका, कारण प्रत्येक सांधा म्हणजे ढिला पडायला आणखी एक जागा. कॅमेऱ्यासोबत मिळणारे प्लॅस्टिकचे कान कर्बच्या दणक्यांनी तडकतात, हे मी स्वतः दोनदा अनुभवले आहे. त्यामुळे कॅमेरा धातूच्या पिंजऱ्यात ठेवावा. केजच्या नळीला मात्र कोणत्याही कारणाने छिद्र पाडू नये. तिची ताकद तिथेच जाते आणि तपासणीत गाडीही बाद होते.

जागेविषयी माझे ठाम मत आहे. मुख्य हूपची आडवी नळी, दोन्ही सीटच्या मधोमध, उंची तुमच्या खांद्याच्या किंचित वर. तिथून स्टीअरिंगवरचे दोन्ही हात, टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारी तबकडी) आणि समोरचा रस्ता एकाच चौकटीत येतात. काचेवरच्या कॅमेऱ्यात मुख्यतः रस्ताच दिसतो, आणि रस्ता तर तुम्ही चालवताना पाहिलेलाच असतो. शिकण्यासारखे असते ते हातांमध्ये: स्टीअरिंग किती वेळा दुरुस्त केले, वळणाच्या मध्यावर पकड का बदलली, गिअर टाकताना गाडी सरळ होती का.

जागा पक्की करण्यापूर्वी हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसा आणि दुसऱ्या कोणाला तुमचे डोके सर्व बाजूंना झुकवून पाहायला सांगा. धडकेत पट्टे ताणले जातात आणि शरीर वाटते त्यापेक्षा बरेच पुढे व आडवे सरकते, म्हणून मोकळी जागा हातचे राखूनच ठेवावी. डोक्याजवळच्या नळ्यांवरचे पॅडिंग क्लॅम्पसाठी कापू नका. ते डोक्यासाठीच आहे. शेवटी पोलादी तारेचा एक आखूड दोर कॅमेऱ्याच्या पिंजऱ्यातून घेऊन थेट नळीभोवती बांधा. तो क्लॅम्पच्याच स्क्रूला अडकवला, तर क्लॅम्प सुटल्यावर दोरही त्याच्यासोबत जाईल. सुटलेला कॅमेरा हेल्मेटपर्यंत पोहोचणार नाही, एवढीच त्याची लांबी असावी.

उजेडमापे

वरच्या सदस्यांनी बसवण्याचे सगळेच सांगितले आहे, त्यामुळे मी चित्राविषयी लिहितो. जेलीसारखे दिसते त्याचे कारण असे की, या कॅमेऱ्यांतील सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, तर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत कंपनाने कॅमेरा हललेला असतो, म्हणून सरळ खांब वाकडे दिसतात. नंतर संगणकावर हे पूर्णपणे दुरुस्त होत नाही. माउंट घट्ट असणे हाच त्यावरचा खरा उपाय.

चित्र स्थिर करणारी कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक सोय मात्र बंद करा. अनेकांना हे उलटे वाटते. ही सोय कॅमेऱ्यातील जायरोच्या (फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरच्या) आधारे चालते, आणि कॅमेरा हादरला की गाडी वळली, हा भेद जायरोला कळत नाही. गाडी वळणात शिरली की चौकट तिला विरोध करू पाहते, आणि डॅशबोर्ड व स्टीअरिंग चित्रात इकडून तिकडे तरंगू लागतात. क्षितिज सपाट ठेवणारी सोयही त्याच कारणाने बंद ठेवावी.

रस्ता पांढरा होतो, कारण कॅमेरा आतल्या काळोखाचा विचार करून उजेड वाढवतो. उजेड मोजण्याचा बिंदू काचेतून दिसणाऱ्या रस्त्यावर ठेवून तो तिथेच कायम करता येत असेल तर उत्तम; नसेल तर एक्स्पोजर अर्ध्या ते एका पायरीने कमी करा. हात थोडे काळोखे दिसले तरी चालतात. प्रति सेकंद ६० फ्रेम ठेवा. कडक उन्हात शटर फार वेगवान झाले तर प्रत्येक हादरा टोकदार दिसतो. लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून ते १/१२० किंवा १/२४० सेकंदाच्या आसपास आणले, की चित्र डोळ्यांना सुसह्य वाटते. फार रुंद कोन टाळा, कारण त्यात पुढची गाडी ठिपक्याएवढी दिसते आणि ब्रेकिंगचे अंतर कळतच नाही. हे सगळे तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावर जमत असेल, तर नवा घेऊ नका.

तिसरा गिअर

कॅमेरा बंद पडण्याबद्दल. काचा बंद असलेल्या गाडीत फोर-के आणि ६० फ्रेम म्हणजे कॅमेरा तापणारच. १०८० वर आणा. वायफाय आणि मागचा पडदा बंद ठेवा. कॅमेऱ्यात तशी सोय असेल तर बॅटरी काढून गाडीच्या १२ व्होल्टवरून ५ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा, मध्ये फ्यूज घाला आणि प्लगवर ताण येणार नाही अशा रीतीने वायर नळीला बांधा, कारण सेशनमध्ये प्लग सैल होणे हा नेहमीचा आजार आहे.

कार्डही तपासा. प्रति सेकंद १०० मेगाबिटने रेकॉर्ड केले तर तासाला ४५ गीगाबाइट लागतात. व्ही३० असे चिन्ह असलेले कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकते, तेवढे पुरेसे आहे.

आवाजासाठी बाहेरचा छोटा माइक स्पंजच्या टोपीसह सीटच्या मागे, वारा लागणार नाही तिथे ठेवा आणि त्याची संवेदनशीलता कमी करा. इंजिनचा आवाज नीट ऐकू आला की थ्रॉटल कधी सोडला हे चित्र न पाहताही कळते.

एका बाबतीत मात्र नळीवाला यांच्या मताला मला पुस्ती जोडायची आहे. क्लॅम्पखाली रबराची पातळ पट्टी घालायला हरकत नाही, त्याने पकड वाढते. पण कंपन शोषण्यासाठी म्हणून काही जण जाड मऊ रबर घालतात, आणि मग कॅमेरा त्यावर झुलू लागतो. दीड मिलिमीटरपेक्षा जाड रबर मी कधीच वापरत नाही.

वळणशोधक

सर्वांचे मनापासून आभार. नवा कॅमेरा घेतला नाही. फक्त ४५ मिलिमीटरचा क्लॅम्प, धातूचा पिंजरा आणि तारेचा दोर घेतला, आणि काल सरावाच्या दिवशी चार सेशन चालवली. चित्र दगडासारखे स्थिर आहे. लांब उजव्या वळणात मी अपेक्सच्या (वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूच्या) आधीच स्टीअरिंग थोडे सोडतो आणि पुन्हा भरतो, हे मला पहिल्यांदाच दिसले. चालवताना ते अजिबात जाणवत नव्हते. आता चित्रावर वेग दाखवायचा मोह होतो आहे. कॅमेऱ्यातला जीपीएस त्यासाठी पुरेल का?

उजेडमापे

तो किती वेळा नोंद घेतो यावर अवलंबून आहे. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. सेकंदाला एकच नोंद असेल तर दोन बिंदूंमध्ये ५० मीटरची पोकळी राहते आणि ब्रेकिंगची जागा त्यात हरवते. १० नोंदी असतील तर ती ५ मीटरवर येते. शिवाय छताच्या पत्र्याखाली सिग्नल कमजोर असतो, म्हणून छतावर अँटेना असलेला वेगळा लॉगर (जागा आणि वेग नोंदवणारे यंत्र) नेहमीच सरस ठरतो. ॲक्शन कॅमेरा घेताना जीपीएस आहे, असे गृहीत धरू नका: गोप्रोच्या हिरो १२ मधून तो काढला होता आणि हिरो १३ मध्ये परत आला. रेसलॉजिकच्या व्हीबॉक्स व्हिडिओसारख्या संचात कॅमेरे आणि जीपीएस एकत्र असतात, पण ती खरेदी दुसरा हंगाम संपल्यावर करावी असे मला वाटते.

नळीवाला

एक राहून गेले. नव्या क्लॅम्पचे स्क्रू पहिल्या सेशननंतर पुन्हा एकदा आवळून पाहा. रंग दबला की ते थोडे सैल होतात. आवळल्यावर स्क्रू आणि क्लॅम्प यांवरून रंगाची एक रेघ ओढा. रेघ सरकलेली दिसली की पाना हातात घ्यायचा.