इंग्लंडच्या राजाला पार्लमेंट नडलं, मग फ्रान्सच्या राजाला कोणीच का नाही?

प्रश्न: इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० पार्लमेंट बोलावलंच नाही, तरी शेवटी त्याला झुकावं लागलं. फ्रान्समधे मात्र एस्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार आणि बाकी जनता यांच्या प्रतिनिधींची सभा) १६१४ नंतर थेट १७८९ ला भरली. एवढा फरक का?

प्रतिसाद १: सगळा खेळ पैशाचा आहे हो. फ्रान्सचा राजा ताय नावाचा कर संमतीशिवाय वसूल करायचा आणि सरदार त्यातून बहुतेक सुटलेले, मग ते कशाला भांडतील? चार्ल्सनेही पळवाट काढली, जहाजांसाठीचा कर बंदरांवरून आतल्या परगण्यांवरही लावला, हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने तो भरायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने पण पाच विरोधात, म्हणजे राजा जिंकूनही अब्रू गेलीच. मग स्कॉटलंडवर इंग्लिश धर्तीचं प्रार्थनापुस्तक लादलं, तिथे बंड पेटलं, सैन्याला पैसे नाहीत, झक मारत १६४० ला पार्लमेंट बोलवावं लागलं. माझ्या मते स्कॉटिश लोक उठले नसते तर तो अजून बरीच वर्षं रेटत राहिला असता.

प्रतिसाद २: "कोणीच नाही" हे पटत नाही. १६४८ ते १६५३ चा फ्रोंद, म्हणजे राजसत्तेविरुद्धचं बंड, विसरलात का? पॅरिसच्या पार्लमाँने करांना विरोध केला, रस्त्यात बॅरिकेड उभे राहिले, लहानग्या चौदाव्या लुईला शहर सोडावं लागलं. पण पार्लमाँ म्हणजे कोर्ट होतं, इंग्लंडसारखं पार्लमेंट नाही, लोकांनी निवडलेलं नाही, न्यायाधीशांनी पदं विकत घेतलेली. नंतर काँदेसारखे राजपुत्र उतरले ते स्वतःच्या सत्तेसाठी, आणि एकी राहिलीच नाही.

प्रश्नकर्ता: फ्रोंद माहीतच नव्हता, खूप आभार! पोलंडच्या सरदारांवर पण कोणीतरी लिहा ना.