द क्रूसिबल: खरा व्हिलन कोण, आणि 'विच'ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. बीएला इंग्लिश घेतलंय, यंदा आर्थर मिलरचं द क्रूसिबल लागलंय, सतराव्या शतकात अमेरिकेतल्या सेलम गावात अ‍ॅबिगेल आणि बाकीच्या पोरी लोकांवर 'विच' म्हणून आळ घेतात, त्यावरचं नाटक. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळं ते जुनं इंग्लिश अर्धं डोक्यावरनं जातं, पण गोष्ट कळाली आणि दोन दिवस झोप लागली नाही बघा. गाईडमध्ये सरळ लिहिलंय अ‍ॅबिगेल व्हिलन, विषय संपला. मला ते पटेना. सतरा वर्षांची पोरगी, आईबाप नाहीत, मामाच्या घरात पडून, ती बोलली आणि अख्खं गाव फासावर जातं म्हणजे गावातच काहीतरी आधीपासून कुजलेलं असणार की नाही?
दुसरं म्हणजे गॅदरिंगला कोर्टाचा सीन मराठीत बसवायचाय. मी 'विच'ला चेटकीण लिहिलं तर वाचनालाच पोरं हसालीत, झाडूवर बसून उडणारी म्हणे. काय लिहू? आणि आळ आलेला शेतकरी प्रॉक्टर शेवटी कबुलीच्या कागदावर सही का करत नाही? मैत्रिणी म्हणतात येडा आहे, जीव वाचत होता की.

निपाणी_नाटकवाला
चेटकीण काढून टाक आधी, ती गोष्टीच्या पुस्तकातली. आपल्याकडं कोण म्हणतं का ती चेटकीण आहे म्हणून? "तिनं करणी केली" म्हणतात. "तिची नजर वाईट", "तिच्या हातचं खाऊ नको". सरळ नाव ठेवायचंच नाही, क्रियापदावर भागवायचं, म्हणजे बाईला आपण काही बोललोच नाही असं पण वाटतं. तू "करणी" वापर, एक पोरगं हसायचं नाही.
टिट्युबाचा सीन नीट वाच, ती मामाच्या घरातली गुलाम बाई. तिला कोण कोण दिसलं असं नुसतं विचारत नाहीत, गावातला श्रीमंत जमीनदार पुटनम स्वतःच गावच्या बायकांची नावं सुचवतो, सारा गुड होती का, ऑसबर्न होती का. आपल्याकडं अंगात आलेल्या बाईला देवऋषी विचारतो ना, सांग कोण आहेस, कुणी पाठवलं, आणि भोवती बसलेल्यातलंच कोणतरी हळूच नाव सोडतो, अगदी तसंच. आणि ती ऑसबर्न कोण, तर पुटनमच्या बायकोची सुईण. त्या बायकोची सात बाळं गेलेली. आमच्या आजीच्या वस्तीवर पण एक सुईण होती, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, पण लागोपाठ दोन बाळं दगावली तशी तिच्या दारावरनं बायका पदर तोंडाला लावून जायला लागल्या. कुणी काही बोललं नाही हं तिला. नुसतं बोलावणं बंद झालं. आजी हे सांगताना आवाज खाली करायची, घरात आमच्याशिवाय कोणी नसलं तरी.

रिटायर्ड_मास्तर
बाळ, तुझं बरोबर आहे. अ‍ॅबिगेल म्हणजे काडी, गंजी दुसऱ्यांनीच रचलेली. पुटनमकडं बघ. जाइल्स कोरी नावाचा म्हातारा शेतकरी कोर्टात उभा राहून सांगतो की ह्यानं स्वतःच्या पोरीला शिकवून शेजारच्या जेकब्जवर आळ घ्यायला लावला, कारण जेकब्ज फासावर गेला की त्याची जमीन जप्त, आणि ती विकत घ्यायला पैसा एकट्या पुटनमकडं. आता हे आपल्या माणसाला समजावून सांगायला पाहिजे का ओ? बांध कोरण्यावरनं सख्ख्या भावांच्या तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात इथं. (गंमत बघ, आपण जमिनीच्या कागदाला पण उतारा म्हणतो आणि तिकटीवर लिंबू-भात ठेवतात त्याला पण उताराच.)
पण माझ्या मते सगळ्यात भयंकर माणूस न्यायाधीश डॅनफर्थ. पुटनमला निदान जमीन तरी पाहिजे होती. ह्याला काहीच नको, फक्त आपली सही चुकीची ठरायला नको. शेवटच्या अंकात तो म्हणतो काय, तर बारा जणांना आधीच फाशी झाली, आता बाकीच्यांना सोडलं तर त्या बारांचं काय. म्हणजे चूक झाली असेल म्हणूनच ती पुढं चालू ठेवायची. पेपरात व्हिलन विचारला तर ह्याच्यावर लिही, मार्क कापले तर माझं नाव सांग.
सहीचं: प्रॉक्टर तोंडानं कबूल होतो, सही पण करतो, हे तुझ्या मैत्रिणींना सांग. नंतर तो कागद परत ओढून घेतो, कारण ते चर्चच्या दारावर चिकटवणार. आणि त्याआधी त्याला विचारतात अजून कोण कोण होतं, तिथं तो दुसऱ्याचं नाव घेत नाही. हे मिलरनं हवेतनं आणलेलं नाही. नाटक आलं १९५३ ला, तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून माणसं धरत होते आणि सुटायचं असेल तर मित्रांची नावं सांगा असा प्रकार. १९५६ ला मिलरलाच अमेरिकी संसदेच्या चौकशी कमिटीपुढं बोलावलं, त्यानं स्वतःबद्दल सांगितलं, दुसऱ्यांची नावं दिली नाहीत, शिक्षा झाली, १९५८ ला अपिलात सुटला. नाटक आधी लिहिलं आणि पाळी नंतर आली.

टिळकवाडी_कट्टा
जाळलं ना पण सगळ्यांना शेवटी?

रिटायर्ड_मास्तर
नाही हो. सेलममध्ये १६९२ ला एकोणीस जणांना फाशी दिली, चौदा बायका पाच पुरुष. जाळलं कुणालाच नाही. आणि कबूल झाले ते वाचले, जे खरं बोलले तेच लटकले. तिथं तर सगळी गोम आहे. अजून एक, खरी अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा, नाटकातलं त्यांचं लफडं मिलरनं घातलेलं. पेपरात इतिहास आणि नाटक ह्याची मिसळ करू नका.

सोनाराचा_नातू
नावावर कोण बोललंच नाही. क्रूसिबल म्हणजे मूस की ओ. आजोबांच्या दुकानात होती, मातीची, हाताच्या मुठीएवढी, आतनं काळी. मोडीचं सोनं त्यात टाकायचं, वर टाकणखाराची चिमूट, आणि फुंकणीनं शेगडी पेटवत ठेवायची. आधी काहीच दिसत नाही, मग एकदम सोनं थेंबासारखं थरथरतं आणि घाण कडेला जाते. आजोबा तेव्हा कुणाशी बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक मात्र वाकून वाकून बघायचं, आपल्या बांगडीत तांबं किती निघतंय म्हणून, आणि तोंड बघण्यासारखं व्हायचं. नाटकाचं नाव 'मूस' ठेव, दोन अक्षरात काम.

खानापूरची_पोरगी
'मूस' फायनल!! मास्तर, मैत्रिणींना वाचून दाखवलं, गप्प बसल्या. एक अडचण राहिली. जाइल्स कोरीवर दगड ठेवून मारतात ते स्टेजवर कसं दाखवू? आमच्यात एक पोरगा तयार आहे पण त्याची आई तयार नाही.

निपाणी_नाटकवाला
दाखवायचंच नाही गे! नाटकात पण ते स्टेजवर घडत नाही. तुरुंगात प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ नवऱ्याला सांगते. गुन्हा कबूल नाही की नाकबूल नाही, म्हातारा तोंडच उघडेना, म्हणजे जमीन पोरांनाच राहणार. छातीवर दगड चढवत गेले तर तो एवढंच म्हणाला, अजून ठेवा. आणि लक्षात ठेव, ह्याच म्हाताऱ्यानं सुरुवातीला सहज बोलता बोलता सांगितलेलं, माझी बायको कसली तरी पुस्तकं वाचते आणि मला प्रार्थना सुचत नाही. पुढं वॉलकॉट नावाच्या गाववाल्यानं त्याच पुस्तकांवरनं माझ्या डुकरांवर करणी केली असा आळ घेतला आणि बायको आत गेली.
कोर्टाच्या सीनला जोडून एवढा तुकडा घे. एलिझाबेथ करणाऱ्या पोरीला सांग, रडायचं नाही, नळावरनं पाणी भरून आल्यावर सांगतात तसं सांगायचं. तालीम कधी आहे? रविवारी असली तर येतो, एसटी पकडून.