मदत हवी आहे: सांध्यात मुळातच जंतू असतात का? आईच्या ऑपरेशनचा निर्णय अडलाय

रानवारा: आईचा सांधा बदलून 14 महिने झाले. दुखणं थांबत नाही म्हणून दुर्बिणीतून तपासणी केली, त्यात जंतू निघाला. एक डॉक्टर म्हणतात, हा सगळ्यांच्याच अंगावर असतो, सोडून द्या. दुसरे म्हणतात, बसवलेला सांधा काढावा लागेल. सोमवारी उत्तर द्यायचंय. निरोगी सांध्यात जंतू असतात की नाही, एवढंच सांगा. प्लीज लवकर.

वडाचीवाडी: अजिबात थांबू नका! बाबांचा गुडघा आम्ही तीन आठवडे शेकत बसलो. लालभडक झाला, ताप 102, उघडला तर आत पू. लगेच ऑपरेशन करा.

प्राजक्ता_लॅब: कोणता सांधा? जंतूचं नाव काय? किती नमुने घेतले, त्यांतल्या किती नमुन्यांत वाढला? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं चुकीचं आहे.

रानवारा: उजवा खांदा, लिहायचं राहिलं. ताप नाही, सूज नाही, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल. पण फडताळातला डबा काढताना ती उजवा हात डाव्या हाताने उचलून धरते, ते बघवत नाही. जंतू क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. पाच नमुने, एकात वाढला.

वडाचीवाडी: सीआरपी नॉर्मल म्हणजे इन्फेक्शन नाहीच. मग कशाला कापाकापी?

प्राजक्ता_लॅब: काका, गुडघ्याचा हिशोब खांद्याला लागत नाही. हा तोच मुरुमांचा जंतू. 2016 पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणायचे. खांदा, पाठ, काख इथल्या तेलग्रंथींत खोल राहतो, म्हणून ऑपरेशनआधी वरून कातडी कितीही पुसली तरी सगळा जात नाही. कृत्रिम सांध्यावर चिकट थर करून तो महिनोन्‌महिने शांत बसतो. पू नाही, ताप नाही, सीआरपीही नॉर्मल, नुसतं दुखणं आणि आखडणं.

आजीचाबटवा: रोज हळद-मेथी आणि एरंडेल तेलाचा शेक द्या. माझ्या मावशीचे दोन्ही खांदे मोकळे झाले.

प्राजक्ता_लॅब: मावशींच्या खांद्यात धातूचा सांधा होता का? नसेल तर तो अनुभव इथे लागू नाही.

सह्यकडा: मूळ प्रश्नाबद्दल. कधीच ऑपरेशन न झालेल्या सांध्यांतही जंतूंचा डीएनए सापडल्याचे अभ्यास आहेत. म्हणजे सांधा पूर्ण निर्जंतुक असतो हे जुनं झालं. तुमचे पहिले डॉक्टर बरोबर आहेत.

प्राजक्ता_लॅब: डीएनए मेलेल्या जंतूचाही असतो. नमुन्यात जंतू इतके कमी असताना हातमोज्यावरून किंवा तपासणीच्या रसायनातून आलेलाही दिसतो. त्यावरून ते जंतू आत कायम राहतात हे सिद्ध होत नाही. आणि राहत असले तरी नैसर्गिक सांध्यात निरुपद्रवी असलेला जंतू धातूवर तसाच वागेल कशावरून? रानवारा, कितव्या दिवशी वाढला? नमुन्यांआधी अँटिबायोटिक चालू होतं का?

रानवारा: अकराव्या दिवशी. अँटिबायोटिक नव्हतं. दाढेसाठी दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या खांद्यासाठी नव्हत्या.

प्राजक्ता_लॅब: अहो, अँटिबायोटिक ते अँटिबायोटिकच! त्याने जंतू दबतो आणि नमुन्यात वाढत नाही, म्हणून तर नमुन्यांआधी साधारण दोन आठवडे ते बंद ठेवतात. हा जंतू सावकाश वाढतो, नेहमीच्या पाच दिवसांत निसटतो, म्हणून खांद्याचे नमुने लॅबमध्ये 14 दिवस वाढवत ठेवायला सांगतात. पाचांपैकी एकात, तोही इतक्या उशिरा, म्हणजे कातडीवरून आला असण्याची शक्यता मोठी. एकच जंतू दोन-तीन नमुन्यांत निघाला असता तर वजन वेगळं. पण गोळ्या पोटात असताना चार नमुने कोरे आले, त्या कोरेपणावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

वडाचीवाडी: मग दात काढण्याआधी प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घ्यायचं की नाही? बाबांना एक जण घ्या म्हणतो, एक नको.

सह्यकडा: काका, त्यासाठी वेगळा धागा काढा.

रानवारा: दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. शेवटची गोळी नमुन्यांच्या आदल्या रात्रीची. दोन्ही डॉक्टरांना हे माहीत नव्हतं, मीच सांगितलं नाही. आत्ता दुसऱ्यांना फोन केला. सोमवारी निर्णय नको म्हणाले, तीन आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नको, मग परत नमुने घ्यायचे का ते पहिल्या डॉक्टरांशी बोलून ठरवू.

प्राजक्ता_लॅब: जाताना ती चिठ्ठी न्या. आणि लॅबला 14 दिवस ठेवायला सांगितलंय ना, ते फॉर्मवर लिहिलेलं स्वतः बघा.