इंग्लंडच्या खेड्यातला वसंत : तुमचे अनुभव लिहा

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकली की इथल्या मराठी ग्रुपांवर चेरीच्या फुलांचे फोटो सुरू होतात. फोटो पुरे झाले. लंडन, लेस्टर सोडून लहान गावांत राहणारे आपले लोक आता बरेच आहेत. वसंतात तुमच्या गावात नेमकं काय चालतं आणि तुम्ही त्यात काय करता, ते लिहा. चिखलासकट लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या आमच्या गावाभोवती एप्रिलअखेर रेपसीडची (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) पिवळीधमक शेतं असतात आणि सार्वजनिक पायवाट त्यातल्या एका शेताच्या बरोबर मधून जाते. कडेने नव्हे, मधून. नांगरट-पेरणी झाली की शेतकऱ्याने १४ दिवसांच्या आत ती वाट किमान एक मीटर रुंद, पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, असा कायदाच आहे. हातभर बांधासाठी पिढ्यान्पिढ्या कोर्टात जाणाऱ्या गावातून आलेले माझे सासरे वाटेच्या तोंडाशी थबकले. "अगं, पण तो ओरडेल ना?" ट्रॅक्टरवरचा शेतकरी हात हलवून पुढे गेला. सासऱ्यांची पांढरी पँट मात्र परागाने गुडघ्यापर्यंत पिवळी झाली. ते डाग अजून आहेत.

कंब्रियाहून

आमच्याकडे वसंत म्हणजे लॅम्बिंग, मेंढ्यांची बाळंतपणं. सखल भागात मेंढ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात, पण लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात गवत उशिरा येतं, म्हणून तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्यांची कोकरं एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात. कोकरू जन्मतं काळंकुळकुळीत, वयाबरोबर लोकर करडी होत जाते. शेजारच्या फार्मवर मी रात्रीची मदतीला जाते. काम सोपं असतं: नाळेला आयोडीन लावायचं, कोकराच्या तोंडात सड द्यायचा, चीक पोटात गेला का ते पोट चाचपून बघायचं. पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर ते टिकणं कठीण.

एका रात्री एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं आणि पलीकडे एका मेंढीला तिळी झाली. सड दोनच, त्यामुळे तिसऱ्याचं काय करायचं हा प्रश्न. शेतकरीणबाईंनी चाकू काढला, मेलेल्या कोकराचं कातडं चार पायांच्या भोकांसकट अलगद सोलून काढलं आणि त्या तिसऱ्याला स्वेटरसारखं चढवलं. शेपटी मुद्दाम ठेवली होती, कारण मेंढी तिथेच हुंगते. मेंढी दोनदा गेली, दोनदा परत आली, हुंगलं, आणि मग त्याला पिऊ दिलं. दोन-तीन दिवसांनी ते कातडं काढून टाकतात. तोवर तिच्या दुधाचाच वास त्याला लागलेला असतो. मला आधी मळमळलं, हे खरं. बाई म्हणाल्या, "चहा टाक."

पुढे ही कोकरं आईबरोबर डोंगरावर जातात. तिथे कुंपण नाही. आपली हद्द कुठवर, हे आईच्या मागे फिरून ती शिकतात आणि मोठी झाली की आपल्या पिल्लांना शिकवतात. म्हणून फार्म विकला किंवा भाड्याने दिला तरी कळप बऱ्याचदा त्या जमिनीबरोबरच राहतो.

बाथजवळून

आमच्या इथे चार्लकूम लेन नावाचा अरुंद रस्ता दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आठवडे गाड्यांना बंद असतो. कारण बेडूक! टोड (खरबरीत कातडीचे भेक), बेडूक आणि न्यूट (पालीसारखे दिसणारे, पाण्यात अंडी घालणारे उभयचर) अंडी घालायला आपल्या ठरलेल्या पाण्याकडे निघतात आणि मध्ये हा रस्ता येतो. थंडी जरा ओसरलेली, पाऊस भुरभुरतोय, अंधार पडतोय, अशी संध्याकाळ त्यांची लाडकी. मग आम्ही पिवळी जाकिटं, टॉर्च आणि बादल्या घेऊन जायचं, एकेकाला उचलायचं, मोजायचं, पलीकडे सोडायचं. टोडचा नर मादीच्या पाठीवर स्वार होऊनच प्रवास करतो, त्यामुळे बादलीत जोड्या पडतात. नर उचलला की कुरकुरतो. माझ्या मुलीला तो आवाज भयंकर आवडतो. पुण्यात आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून बेडूक पकडतोस?"

वेकफील्डहून

फुलं सोडा, आमचा वसंत अंधारात सुरू होतो. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्याला रुबार्ब ट्रँगल म्हणतात. रुबार्ब म्हणजे लालसर, आंबट देठांची भाजी. रुबार्बची झाडं दोन वर्षं शेतात वाढवायची, थंडीचा कडाका खाऊ द्यायचा आणि मग मुळांसकट उचलून काळोख्या, उबदार शेडमध्ये आणायची. उजेड नसल्यामुळे साठवलेली सगळी ताकद देठात उतरते. जानेवारी ते मार्च मेणबत्तीच्या उजेडात तोडणी चालते. शेडमध्ये गप्प उभं राहिलं तर कोंब फुटतानाची टिकटिक ऐकू येते, अगदी खरी. २०१० मध्ये याला युरोपचं संरक्षित नामांकनही मिळालं.

गोरे लोक याचं क्रंबल (वर पीठ-लोण्याचा चुरा घालून भाजलेलं गोड) करतात. मी मेथांबा करते. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, तिखट, मग देठाचे तुकडे आणि भरपूर गूळ. पाणी अजिबात घालू नका, देठ स्वतःच सोडतो. कैरीसारखा तुकडा शाबूत राहत नाही, गाळ होतो, पण गुढीपाडव्याला इथे कैरी मिळते कुठे? पानं मात्र फेकून द्यायची, ती विषारी असतात.

हर्टफर्डशरहून, थोडं चिडून

ब्लूबेल, म्हणजे रानातली निळी फुलं, बघायला या, पण पायवाटेवर राहा. बीचच्या झाडांना पालवी दाट व्हायच्या आत, एप्रिलअखेरच्या उन्हावर ही फुलं आपलं उरकून घेतात. एकदा पानं तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो भाग सावरायला वर्षं लागतात. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातले कंद उपटणं तर १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. साडी नेसून फुलांच्या मध्ये बसून फोटो काढणाऱ्या दोन मराठी कुटुंबांना मी गेल्या वर्षी मराठीतच उठवलं.

सफकमधून

आईबाबा साताऱ्याहून आले होते. नदीकाठच्या बोरूच्या बेटांपाशी कुकू ओरडला आणि बाबा म्हणाले, "हा तर घड्याळातला!" मग चर्चा रंगली. आपली कोकिळा कावळ्याला फसवते, ही बया इथे रीड वॉर्बलर नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला. तिच्या पिल्लाला भरवताना पालक पिल्लाच्या खांद्यावर उभा राहतो, इतका आकारात फरक! मोठे कुकू जूनमध्येच आफ्रिकेकडे परत निघतात, पिल्लं मागाहून एकटी जातात. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे पोरांना टाकून परदेशी जायचं." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वाट दाखवायला पुढे झाले.

डेव्हनहून

रानलसूण! ओढ्याकाठी एप्रिलमध्ये नुसता दरवळ. पानं थालिपिठात, ठेच्यात, वरणाच्या फोडणीत. पण प्रत्येक पान चुरडून वास घ्या. लिली ऑफ द व्हॅलीची पानं तशीच दिसतात आणि ती विषारी आहेत. लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं विषारी झाड तर त्याच गर्दीत उगवतं, त्यामुळे मूठभर ओरबाडून आणू नका.

हेरफर्डशरहून

सगळ्यांचं वाचलं, छान आहे. मला ‘हे फीवर’ आहे, म्हणजे परागांची ॲलर्जी. मार्चअखेरपासून बर्चचे पराग, ते संपतात तोवर मेमध्ये गवत सुरू, ते थेट जुलैपर्यंत. सफरचंदाच्या बागा फुलल्या आहेत असं बायको सांगते. मी खिडकी बंद करून, सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेऊन बसलोय. कुणी मेमध्ये आमच्याकडे येणार असाल तर जरूर या, पोहे माझ्याकडून. बागा बघायला मात्र तुमचे तुम्ही जा.