तीन चाइल्ड सीट एका रांगेत: पाच सीटर की सात सीटर?

माजिवड्याचा बाबा
थोरली साडेचार वर्षांची, जुळी दहा महिन्यांची. नव्या गाडीचा विषय निघाला की घरी, ऑफिसात, सोसायटीत एकच सल्ला मिळतो: डोळे मिटून सात सीटर घे. मला तो पटत नाही. तिन्ही मुलं एकाच रांगेत, नजरेसमोर हवीत. घोडबंदर रोडवर गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली आणि पार मागे बसलेल्या पोरीला उलटी झाली, तर तिच्यापर्यंत पोचायचं कसं? शिवाय सात सीटर म्हणजे रुंद असंही नाही. सात सीटर अर्टिगाची बाहेरची रुंदी 1735 मिमी, पाच सीटर क्रेटाची 1790. आमच्या स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) इनोव्हाएवढी लांब गाडी बसत नाही, तो मुद्दा वेगळाच. रुंद पाच सीटर घ्यावी आणि अरुंद, चांगल्या चाइल्ड सीटवर पैसे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नौपाडेकर
अहो, मागे तीन सीट ठोकल्यावर मागे मोठं माणूस बसणार कुठे? पुढे तुम्ही दोघं, मागे तीन पोरं, संपली गाडी. जुळ्यांपैकी एक रडायला लागलं की आईने पुढून पट्टा सोडून मागे वळायचं का? ते जास्त धोक्याचं. आजी-आजोबांना गावी न्यायचं तर दुसरी गाडी काढणार? सात सीटरच घ्या.

माजिवड्याचा बाबा
आजीला बसवण्यासाठी थोरलीला तिसऱ्या रांगेत टाकायचं, हेच मला नको आहे. छोट्या सात सीटरमध्ये शेवटच्या सीटची पाठ आणि मागचं दार यांत अंतर किती उरतं, ते एकदा डिकी उघडून बघा. मागून ट्रक ठोकला तर मध्ये काय आहे? घोडबंदरला ट्रकच्या पुढे-मागेच गाडी चालवायची असते. आणि तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगाची डिकी 209 लिटरची. जुळ्यांची बाबागाडी कुठे ठेवू?

कळव्याची मावशी
आमची मुलं मांडीवरच वाढली. सिग्नलला थांबत थांबत जाणाऱ्या गाडीत एवढ्या सीटा कशाला? बाळ आईजवळ शांत राहतं.

घणसोलीची आई
मावशी, तुमची माया कळते, पण हे ऐकाच. ताशी 50 किमी वेगातली गाडी धडकून थांबली की 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला हातांवर दीडशे किलो किंवा त्याहूनही जास्त भार येतो. तेवढं कोणत्याच आईच्या हातांना झेपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत, कलम 194ब नुसार, 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, बाळाचा विचार करा.

आता बाबांना. एका रांगेत तीन बसतात का, हे कंपनीच्या माहितीपत्रकातल्या रुंदीवरून कळत नाही. बऱ्याच सीट 44 सेंमीच्या आसपास रुंद असतात, म्हणजे तिन्ही मिळून 132. खरी गोची आयसोफिक्सची, म्हणजे चाइल्ड सीट थेट अडकवायला गाडीतच दिलेल्या हुकांची. आपल्याकडे ते हूक बहुधा कडेच्या दोन जागांनाच असतात आणि त्यांची जागा पक्की. त्यावर अडकवलेली सीट दाराकडे बोटभरही सरकत नाही, मधली जागा आहे तेवढीच राहते. तीच सीट पट्ट्याने बसवली तर थोडी सरकवता येते. मात्र तसं बसवायची सोय त्या सीटला आहे का, ते आधी पाहा. मधल्या जागेला तीन-बिंदू पट्टा (खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा) आहे का, तेही तपासा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावायची सीट, चालत नाही.

थोरलीचा बूस्टर दाराशी ठेवा, मध्ये नको. तिचं बकल रोज लावायचं-काढायचं असतं, आणि दोन सीटांच्या कचाट्यात ते गडप होतं. मध्ये जुळ्यांपैकी एकाची सीट. तिचा पट्टा एकदा आवळला की तसाच राहतो.

नौपाडेकर
म्हणजे एवढी कसरत. त्यापेक्षा कॅरेन्ससारखी कॅप्टन सीटवाली, म्हणजे मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली गाडी घ्या, जुळी दोन बाजूंना, मधून वाट, आणि मागे थोरलीजवळ आजी.

घणसोलीची आई
हे मात्र खरं. बाकासारखी सलग सीट असेल तर चाइल्ड सीट बसवलेली असताना ती दुमडून मागे जाता येत नाही, म्हणून वाट हवीच. आजी रोज बरोबर असेल तर नौपाडेकरांचं बरोबर, नसेल तर बाबांचं.

माजिवड्याचा बाबा
आजी सणासुदीलाच येते. म्हणून मी पाच सीटरवरच ठाम आहे. शनिवारी तिन्ही सीट घेऊन शोरूमला जाणार. जुळ्यांच्या मागे तोंड करायच्या दोन्ही सीट बसवून पुढची सीट किती पुढे सरकवावी लागते, तेही पाहीन. बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकले तर ती गाडी बाद. सेल्समनला आधीच फोन करून सांगितलंय, तासभर लागेल.