'बाजीराव मस्तानी'वरून अजूनही का भांडतो आपण? ('राऊ' वाचलेल्यांना खास प्रश्न)

घुमाताई:

डोंबिवलीत आमचा मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे. श्रावण जवळ आला की फोन सुरू होतात आणि २०१५ नंतर जवळपास प्रत्येक यजमानीणबाई हमखास विचारतात, "तो पिक्चरमधला पिंगा करता ना?" यंदा यावरून आमच्यातच जुंपली. साठीच्या पुढच्या बायका म्हणतात, ते गाणं आपल्या खेळात नको म्हणजे नको. तिशीतल्या म्हणतात, टाळ्या त्यालाच पडतात, मग तुमचं काय जातं?

निकाल लावायचा म्हणून एकीच्या घरी सगळ्यांनी मिळून पिक्चर पुन्हा पाहिला. निकाल काही लागला नाही, बटाटेवडे मात्र संपले. मला गंमत वेगळीच वाटली. "इतिहासाची मोडतोड केली" असं सर्वांत जोरात म्हणणाऱ्या दोघींनी ज्या कादंबरीवरून हा पिक्चर काढला ती ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचलेलीच नाही. आणि जिने तीनतीनदा वाचलीय, ती आमची सर्वांत मोठी मेंबर, पदराने डोळे पुसत बसली होती.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे मग कोणी खोदून विचारायला नको. तन्वी आझमीची राधाबाई, म्हणजे बाजीरावांची आई, मला अजूनही हलवते. केशवपन केलेलं ते डोकं आणि त्याखालची नजर. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो रास्तच. पिंग्याबद्दल मात्र माझं दुखणं धंदेवाईक आहे. पिंगा कमरेत वाकून घुमायचा असतो, समोरचीच्या डोळ्यांत डोळे घालून, आणि गाण्यातून आपल्या बाजूची फुशारकी मारत. दोन मिनिटांत धाप लागते. त्यात ओचा नीट खोचलेला नसेल तर निऱ्या पायात येतात आणि बाई आडवी होते. पिक्चरमध्ये काशीबाई आणि मस्तानी दोघी समोरासमोर कमी आणि कॅमेऱ्यासमोर जास्त. शिवाय साडी इतकी खाली नेसवलेली, की आमच्याकडे कोणी तशी नेसून आली तर मीच आत नेऊन पुन्हा नेसवीन. (आम्हीही आता स्टेजवर माइक लावून खेळतो, तेव्हा फार शहाणपणा नको, हेही कळतं मला.)

तर प्रश्न असा: तुम्ही आधी कादंबरी वाचली होती का? आणि राग आलाच असेल तर नेमका कशाचा?

शनिवारातला:

कादंबरी कॉलेजात असताना वाचली. १८ डिसेंबर २०१५ ला पिक्चर आला तेव्हा पुण्यात निदर्शनं झाली, काही खेळ रद्दही झाले. मी त्यात नव्हतो. पण राग आला होता आणि अजून गेलेला नाही. पिंग्यावरून खूप बोलून झालंय. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं हेही शंभरदा सांगून झालं. माझा राग चिमाजी आप्पांवरून आहे.

ज्या माणसाने मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तो पिक्चरभर भावाच्या संसारात नाक खुपसणारा दीर म्हणून वावरतो. वसईची मोहीम नाहीच. तिथल्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. एवढं सगळं हाताशी असताना पडद्यावर काय, तर बंदिवासातल्या मस्तानीवर पहारे.

दुसरं म्हणजे पिक्चरमधला आरशांचा आईना महाल. पुण्यातल्यांनी एकदा राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तिथे पुन्हा उभे केलेत. लाकडी कोरीव खांब, माणसाच्या बेताची उंची, झुंबरं. तो दिवाणखाना पाहिला की बाई कुठे बसत असेल, कुठे गात असेल ते कळतं. गोरेगावच्या सेटवरच्या आरशांत नुसते दिवे दिसतात.

आणि शेवट. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढाई झाली ती १७४० च्या सुरुवातीला, गोदावरीच्या मुलखात, आणि ती तहाने मिटली. पिक्चरमध्ये राऊ जवळपास एकटाच सैन्यावर धावून जातो. आयुष्यभर घोडदळाच्या हालचालींवर लढाया जिंकलेला सेनापती! पालखेडला निजामाला कसा कोंडीत धरला ते नकाशा घेऊन बघा एकदा. असा माणूस एकटा धावत सुटेल?

रेवाकाठची:

आम्ही इंदूरचे. तुम्हा पुणेकरांचा राग समजतो, पण इकडून वेगळं दिसतं. रावेरखेडी आमच्याकडे, खरगोन जिल्ह्यात. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव तिथे तापाने गेले. नर्मदेच्या काठाला समाधी आहे. मी लहानपणी वडिलांबरोबर गेले होते तेव्हा चिटपाखरू नव्हतं. वडील चप्पल काढून उभे राहिले आणि आम्ही पोरं कंटाळलो.

माझी मुलं हिंदी माध्यमात शिकली. त्यांच्या पुस्तकात पेशवा म्हणजे एक परिच्छेद. पिक्चर बघून आल्यावर धाकट्याने विचारलं, "आई, हे आपल्याकडे वारले ना?" आणि त्या उन्हाळ्यात तोच आम्हाला रावेरखेडीला घेऊन गेला. भन्साळींनी चुका केल्या असतील, पण माझ्या घरात जे त्या पिक्चरने केलं ते माझ्या कपाटातल्या 'राऊ'ने केलं नव्हतं, कारण मुलांना मराठी वाचायचा कंटाळा. बुंदेलखंडाचा भाग तर मला आवडलाच. छत्रसालांची मुलगी तलवार घेऊन उभी राहते, ते आमच्याकडच्या लोकांना लगेच पटतं.

अर्धी मिशी:

रणवीर सिंगने टक्कल केलं, शेंडी ठेवली, मराठी वळणाचं हिंदी बोलला. आपले नट हिंदीत जाऊन एवढं करतात का? बाकी चालू द्या.

कपाटवाला:

घुमाताई, कादंबरी आधी वाचली होती आणि राग आला नाही, कंटाळा आला. भन्साळींचं हे जुनंच आहे. २००२ च्या 'देवदास'मध्ये त्यांनी पारो आणि चंद्रमुखीला एकत्र नाचवलं. शरदबाबूंच्या कादंबरीत असलं काही नाही. तेव्हा बंगाली वाचक चिडले आणि आपण "अहो, किती सुंदर नाचल्या" म्हणत होतो. आपल्या अंगणात आलं तेव्हा आपल्याला इतिहास आठवला.

माझी तक्रार एवढीच. इनामदारांच्या राऊला दिवसभराची कामं आहेत. कर्ज आहे, सावकार आहेत, साताऱ्याला उत्तर द्यायचंय आणि घरी आईपुढे मान खाली घालायचीय. प्रेम या सगळ्याच्या फटीतून येतं, म्हणून जीव तुटतो. पिक्चरमध्ये प्रेमाला मोकळं मैदान आहे. पंधरा मिनिटांनी एक संकट येतं, आणि तेही सजून येतं.

घुमाताई:

शनिवारातले, वसईचं पूर्ण पटलं. आमच्या त्या मोठ्या मेंबर माहेरच्या वसईच्या. त्यांनाही वाचून दाखवलं, दोनदा मान डोलावली.

पण आता मला जे खुपतंय ते लिहितेच. 'राऊ' १९७२ ची. राऊ आणि काशीबाई एकांतात काय बोलले, मस्तानीच्या मनात काय चाललं होतं, हे इनामदारांनी कुठल्या कागदात वाचलं? कुठल्याच नाही. त्यांनी ते रचलं, आणि फार सुंदर रचलं. आमचे बाबा त्यातली वाक्यं अशी म्हणायचे, जणू पेशवे दप्तरातून उतरवून आणलीत. आम्ही तीच खरी मानून वाढलो. 'झुंज', 'मंत्रावेगळा', 'शहेनशहा' यांचंही तेच. एका मराठी लेखकाने मनाने लिहिलं की तो इतिहास झाला आणि हिंदी दिग्दर्शकाने मनाने केलं की ती मोडतोड? मला वाटतं निम्मा राग "आमचा राऊ तुम्ही नेलात" याचा आहे. तो असायला हरकत नाही, फक्त त्याला पुराव्याचा अंगरखा घालू नये. उरलेल्या निम्म्या रागाला कारण आहे, चिमाजी आप्पांचं म्हणता तसं.

रेवाकाठची, तुमच्या मुलाला माझा नमस्कार.

शनिवारातला:

कादंबरीलाही पुरावा विचारायलाच हवा, मी विचारतो. पण लेखक बोट धरून आत नेतो आणि आपण मनात चित्र काढतो, ते मिटवता येतं. पडद्यावरचं मिटत नाही. पुढच्या पिढीची काशीबाई आता प्रियांका चोप्राच राहणार.

आणखी एक. दोघांच्या मरणावर पिक्चर संपतो, पण खरी गोष्ट तिथून पुढे आहे. मस्तानीचा मुलगा समशेर बहादर तेव्हा सहाएक वर्षांचा होता. तो पेशव्यांच्याच घरात वाढला आणि १७६१ ला पानिपतात त्यांच्याच बाजूने लढून जखमी होऊन गेला. त्या घरात त्या मुलाला जेवायला कोण वाढत होतं, त्याची पंगत कुठे मांडत होते, यावर कोणी पिक्चर काढला तर पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

कपाटवाला:

यावर मात्र शंभर टक्के सहमत. आणि तो पिक्चर नाचाशिवाय होईल.

रेवाकाठची:

नाचाशिवाय माझा मुलगा बघणार नाही हो.

ओटीभरण:

घुमाताई, मग तुमच्या ग्रुपचं काय ठरलं? आमच्या सुनेची पहिली मंगळागौर आहे ठाण्याला, आणि तिला तोच पिंगा हवाय.

घुमाताई:

ठरलं ते असं. श्रेया घोषाल आणि वैशाली म्हाडेचा आवाज रात्री जागरणात सगळ्या पेंगायला लागल्या की लावायचा, तेव्हा ज्यांना हवं त्या नाचतील, साठीच्याही. पण आधी आमचा पिंगा आमच्या गाण्यावर, वाकून, सुनेला मध्ये घेऊन. तिला सांगा, दोन फेऱ्यांनंतर उभी राहिली तर पुढचं गाणं तिच्या पसंतीचं. तारीख मंगळवारचीच ना? कारण हल्ली काहीजणी सोयीचा रविवार काढतात, त्या दिवशी आमच्या निम्म्या बायका येत नाहीत.

ओटीभरण:

मंगळवारच. शिवलेली नऊवारी चालेल का?

घुमाताई:

फुगडीला चालेल. पिंग्याला नेसूनच या, अर्धा तास आधी आलात तर मी नेसवते.